ऐकणारी डबी

डबी निवडायला मला तीन रविवार लागले. नवरा निवडायलासुद्धा मी एवढा विचार केला नव्हता.

तो म्हापसा-साखळी बसवर कंडक्टर होता. माझं माहेर पेडण्याचं, आणि मी डिचोलीच्या एका मराठी प्राथमिक शाळेत नुकतीच लागले होते. रोज पेडण्याहून म्हापसा, तिथून दुसरी बस. माझी बस म्हापशाच्या स्टँडवर शिरायच्या आत त्याची हाळी कानावर यायची, "दिवचल-साखळे, दिवचल-साखळे!" दिवचल म्हणजे डिचोली. एकदा बसायच्या जागेवरून माझं त्याच्याशी चांगलंच वाजलं. सगळी बस ऐकत होती. पुढच्या वर्षी आमचं लग्न झालं. डिचोलीच्या बाहेर, रस्त्यापासून जरा आत त्याचं घर. घरात तो, मी आणि सासूबाई. मूलबाळ झालं नाही, पण ते रडगाणं इथे नको.

पंचेचाळिशी ओलांडल्यावर एका सकाळी त्याला तिकीट फाडता येईना. आधी अंगठा ढिला पडला, मग मनगट. आम्ही बाम चोळत राहिलो. मग पाय अडखळायला लागले, तेव्हा मोठ्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी मला एकटीला व्हरांड्यात बोलावून सांगितलं की स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा मरत चालल्या आहेत आणि त्याला औषध नाही. हातपाय जातील, मग आवाज जाईल, पुढचं पुढे बोलू. "आवाज कधी?" मी विचारलं. नक्की सांगता येत नाही, म्हणाले. मी पदर तोंडात कोंबून तिथेच उभी राहिले. मग तोंड धुऊन आत गेले आणि त्याला म्हटलं, "डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल." ते खोटं नव्हतं. कशाला वेळ लागेल, तेवढं सांगितलं नाही.

वर्षाच्या आत तो खुर्चीला खिळला. माझी शाळा सकाळी आठ ते एक. नोकरी सोडणं शक्य नव्हतं, घर तिच्यावरच चाललं होतं. कामाला बाई ठेवून पाहिली. पहिली आठ दिवस टिकली, दुसरी तीन. सासूबाई होत्या, पण त्यांना कानाशी ढोल वाजवला तरी ऐकू येत नव्हतं आणि कानाला मशीन लावायला त्या तयार नव्हत्या. म्हणजे पाच तास नवरा पुढच्या खोलीत, त्याची आई मागच्या परसात, आणि त्याची हाक मधल्या खोलीतच विरून जायची. माझा प्रश्न एवढाच होता. त्याने बोलावलं तर कुणीतरी आलं पाहिजे. बाकी काही नको होतं मला.

शाळेतल्या एका बाईंच्या भावाने घरातले दिवे-पंखे बसल्या जागेवरून चालवायची सोय केली होती. त्यासाठी म्हणे घरात मधोमध एक डबी लागते. तिला हब म्हणतात. दिवे, पंखे, घंटा हे सगळे त्या डबीचं ऐकतात आणि डबी आपलं ऐकते. ते कळलं त्या दिवशी घरी येताना मला स्कूटरवर रडू फुटलं, इतकी आशा वाटली.

मग सुरू झाले ते तीन रविवार. डब्या मुख्यतः दोन जातींच्या निघाल्या. एक ऐकणारी: तिच्याशी बोलायचं, ती दिवा लावते, घंटा वाजवते. दुसरी मुकी: तिला बोललेलं कळत नाही, पण तिला कसलंही बटण जोडता येतं. बोटाने दाबायचं, कोपराने ढकलायचं, अगदी गालाने टेकायचंसुद्धा. मी वही केली. इंटरनेट गेलं तर कुठली चालते, वीज गेली तर कुठली किती तग धरते, आमच्या जाड भिंतींतून कुठलीचा निरोप पलीकडे पोचतो. पानंच्या पानं भरली. खरा प्रश्न एकच होता आणि त्याचं उत्तर मला व्हरांड्यात मिळालेलं होतं. ते सोडून बाकी सगळं मी त्या वहीत लिहिलं.

आता आमच्या घराची रीत सांगायला हवी. आमच्याकडे तांदूळ संपत नाहीत, वाढतात. दिवा विझवत नाहीत, शांत करतात. बाहेर पडताना कुणी जातो म्हणत नाही, येतो म्हणतात. हे घरोघरी आहे, पण सासूबाईंचा पहारा कडक होता. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे घराची वास्तू सतत कान देऊन असते आणि आपण जे बोलू त्याला तथास्तु म्हणते. म्हणून अभद्र काही तोंडातून काढायचं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा हसायची. पण वीस वर्षं एखाद्या घरात राहिलं की तिथलं पाणी अंगात उतरतंच. त्याच्या आजाराचं नावसुद्धा आम्ही घरात घेत नव्हतो. "ताका मातशें बरें ना," त्याला जरा बरं नाही, एवढंच सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या.

चौथ्या रविवारी मी या डब्या विकणाऱ्या म्हापशाच्या दुकानदाराला घरी बोलावलं. चाळिशीचा गृहस्थ, शिरगावचा. देवीची जत्रा जवळ आली होती आणि तो व्रतस्थ धोंड, म्हणजे जत्रेत निखाऱ्यांवरून चालणारा भक्त, त्यामुळे आमच्याकडे पाण्याशिवाय काही घेणार नव्हता. सासूबाईंना त्याचं फार कौतुक वाटलं. त्याने घरभर फिरून भिंती पाहिल्या, मागचं परस पाहिलं, स्वयंपाकघरात मोठा लाल दिवा लावायची जागा ठरवली, म्हणजे ऐकू आलं नाही तरी सासूबाईंना दिसेल. एक परसातही. शिवाय माझ्या फोनवर घंटा. मग तो पुढच्या खोलीत येऊन नवऱ्यासमोर बसला, त्याच्याशी पाच मिनिटं बसच्या गप्पा मारल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "टीचर, एक विचारतां. हांचो आवाज असोच रावतलो मरे? वचपाचो आसल्यार ती बटणाची घेयात. आतां बोटां चलतात, तोंवर संवय जाता." आवाज जाणार असेल तर बटणाची घ्या, आता बोटं चालताहेत तोवर सवय होईल.

उजव्या हाताची दोन बोटं तेव्हा चालत होती. चांगली चालत होती.

सासूबाईंना ऐकू येत नव्हतं म्हणते, पण असली वाक्यं त्यांना ओठांवरून कळायची. त्या एकदम पुढे झाल्या. "शिवशिव! असलें घरांत उलोवं नाकात!"

 नवरा माझ्याकडे बघत होता. मी त्या माणसाला बाहेर अंगणात नेऊन सांगू शकले असते. स्कूटरने म्हापशाला जाऊन सांगू शकले असते, फोन करू शकले असते. मी यातलं काही केलं नाही. मी तिथेच, त्या खोलीत, शिकलेली बाई, मुलांना विज्ञान शिकवणारी, ठाम आवाजात म्हणाले, "रवतलो." राहील.

"मगीर ती आयकता ती लाय," नवरा म्हणाला. मग ती ऐकणारीच लाव.

ती लागली. सुरुवातीचे महिने गमतीचे गेले हे कबूल केलं पाहिजे. त्या डबीला हिंदी कळायचं आणि इंग्रजी कळायचं. गोवा राज्य झालं तेव्हा मी शाळेत शिकत होते. कोंकणी की मराठी यावरून आमच्या पेडण्याच्या घरात वडील आणि काका महिनोन्महिने एकमेकांशी बोलत नव्हते. इतक्या वर्षांनी या डबीने तो वाद मिटवला, दोन्ही नकोत म्हणून. नवरा तिला मुद्दाम अस्सल दिवचलच्या बोलीत शिव्या द्यायचा आणि ती सभ्यपणे माफी मागायची. पण "लाल बत्ती जलाओ" म्हटलं की स्वयंपाकघरात लाल दिवा पेटायचा, सासूबाई हातातलं टाकून यायच्या, आणि इकडे शाळेत माझ्या फोनवर टिंग व्हायचं. मी फळ्यावर लिहिता लिहिता निर्धास्त असायची. असे सहा-सात महिने मिळाले. मी ते विसरलेले नाही.

मग त्याची जीभ जड झाली.

आधी फक्त मला कळलं. 'ल' नीट उठत नव्हता. मग डबीला कळलं. पहिल्यांदा सांगितलेलं तिला समजेनासं झालं, दुसऱ्यांदा समजायचं. मग पाचव्यांदा. "माफ़ कीजिए, मैं समझ नहीं पाई," त्याच त्या गोड आवाजात. तो आवाज ऐकला की तिला उचलून विहिरीत टाकावीशी वाटायची. पण मी डबीला काही केलं नाही, मी त्याच्या मागे लागले. शाळेतून आले की त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसायची आणि पहिलीच्या पोराला घोकून घ्यावं तसं घोकून घ्यायची. लाल. लाल. बत्ती. तोंड उघड. नीट. पुन्हा. त्याच्या कपाळावर घाम यायचा, लाळ गळायची, मी पुसायची आणि म्हणायची, पुन्हा. एकदा मी ओरडले, "नीट बोल! मुद्दाम करतोस तू!" त्याने मान खाली घातली. मेलेल्या नसांवर ओरडले मी. अजून तो शब्द आठवला की मला कुठे तोंड लपवू असं होतं.

दुकानदाराचा नंबर फोनमध्ये होता. करायचा होता तो एक फोन. पण फोन करायचा तर म्हणावं लागलं असतं, आवाज गेला. ते मी म्हणणार नव्हते. बोटं अजून हलत होती, कमी, पण हलत होती. मी ती बघत होते आणि घोकून घेत होते.

तो मंगळवार होता. शाळा सुटल्यावर मी बाजारातून पाव घेऊन घरी आले. दारातूनच दिसलं की तो खुर्चीत नीट नाही. अंग खाली घसरलं होतं आणि छातीभोवतीचा पट्टा काखेत सरकून गळ्यापर्यंत आला होता. चेहरा काळानिळा. डोळे उघडे, दाराकडे. मी पट्टा सोडवला, त्याला वर ओढलं, पाठ चोळली. श्वास लागला तेव्हा त्याच्या घशातून जो आवाज आला तसा मी कुठल्याही माणसाच्या तोंडून ऐकलेला नाही. सासूबाई मागे परसात आमसुलं वाळत घालत होत्या. मी त्यांना दंडाला धरून आणलं. "हांव फाटल्यान आशिल्ली गो, माका आयकूंकच आयलें ना, दिवोय पेटूंक ना," मी मागे होते गं, मला ऐकूच आलं नाही, दिवाही पेटला नाही, असं म्हणत त्या जमिनीवरच बसल्या. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

त्याला निजवून, डॉक्टर येऊन गेल्यावर, मी फोनमध्ये डबीची नोंद उघडली. ती डबी आपण बोललेलं सगळं लिहून ठेवते. साडेनऊपासून बारा वाजून गेल्यापर्यंत, एकाखाली एक, एकतीस वेळा: समजले नाही. समजले नाही. समजले नाही. तिचं नाव नीट घेतलं तरच ती जागी होते, आणि ही फक्त ती जागी झाली तेवढ्यांचीच नोंद. बारानंतर काही नव्हतं. त्या अडीच तासांत मी शाळेत होते. मधल्या सुट्टीत मुख्याध्यापिकांच्या वाढदिवसाचा केक खाल्ला होता.

मी माझ्या तोंडात मारून घेतलं. खरोखर, दोन्ही हातांनी, सासूबाईंनी हात धरेपर्यंत.

दुकानदार दुसऱ्याच दिवशी आला. आता मी सगळं बोलले, त्याच खोलीत, सगळ्यांसमोर. आवाज गेला आहे, पाय आणि हात गेले आहेत, मान जाईल, पुढे श्वास जाईल. सासूबाई ऐकत होत्या की नव्हत्या, मला पर्वा नव्हती. त्याने नवऱ्याच्या हाताखाली एक बटण ठेवून पाहिलं. दोन्ही बोटं त्यावर नुसती पडून राहिली. "टीचर, तेन्ना म्हणपाचें आशिल्लें," तो हळूच म्हणाला. तेव्हा सांगायचं होतंत. मी म्हटलं, हो.

गालाने दाबायचं बटण बाहेरून मागवावं लागलं. ते येईपर्यंत दीड महिना मी रजा घेऊन घरी बसले. बटण आलं, मुकी डबी आली, जुनीचं कनेक्शन काढलं. खुर्चीच्या पाठीला एक दांडी, तिच्या टोकाला, त्याच्या डाव्या गालाशी, रुपयाएवढं बटण. त्याने गाल टेकला. लाल दिवा पेटला. माझ्या फोनवर घंटा वाजली. मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला डोकं टेकून रडले.

शाळा पुन्हा सुरू केली त्याच दिवशी दहाच्या सुमाराला फोन वाजला. चौथीचा वर्ग दुसऱ्या बाईंवर टाकून मी स्कूटर काढली. घरी पोचले. तो व्यवस्थित बसलेला. पट्टा जागेवर, पाणी पिऊन झालेलं. सासूबाई शेजारी उभ्या. "सकाळसावन दाबता गो," त्या म्हणाल्या. "हांव येता, ताका कांयच नाका. पळयता आनी गप्प रावता." सकाळपासून दाबतोय, मी येते, त्याला काहीच नको, बघतो आणि गप्प राहतो.

माझा पारा चढला. "माझा जीव जातो तिथे! काही नको तर दाबतोस कशाला?"

त्याने डोळ्यांनी भिंतीकडे खूण केली. तिथे मी शाळेतला अक्षरांचा मोठा तक्ता लावला होता. मी अक्षरावर बोट फिरवायचं, हवं ते आलं की तो डोळे मिटायचा. एकेक अक्षर करत वाक्य व्हायला वेळ लागायचा. त्या दिवशी मी रागातच बोट फिरवत होते. अक्षरं जुळली: येतेस का बघतो.

मी त्याच्या पायाशी बसले. त्याच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि माझ्या पेडण्याच्या बोलीत म्हटलं, "येतंय, येते मी. जितक्यांदा दाबशील तितक्यांदा येतंय. तू दाब."

मुख्याध्यापिकांना सांगितलं, फोन वाजला की मी जाणार, नाहीतर नोकरी घ्या. त्या भल्या बाई, हो म्हणाल्या. आणि मी जायची. दिवसातून एकदा, कधी दोनदा. शाळेपासून घर स्कूटरने दहा मिनिटं. दारात उभं राहून म्हणायचं, "आयलंय." आले मी. तो माझ्याकडे बघायचा, डोळे मिटायचा, मी परत. सासूबाई तर दिवा पेटला की नुसता चेहरा दाखवून जायच्या. महिना गेला, दुसरा गेला. हळूहळू त्याचं दाबणं कमी झालं. मला वाटलं, आता त्याला भरवसा आला.

मग वार्षिक परीक्षा आली. पहिल्या पेपरला तालुक्याहून तपासणीसाठी साहेब यायचे होते. वर्गात मी एकटी. साडेनऊला फोन वाजला. मी खिडकीतून पाहिलं, साहेबांची गाडी फाटकातून आत येत होती. मनात म्हटलं, नुसतं बघत असेल. सासूबाई आहेत घरी. मी फोन मेजावर पालथा ठेवला. तो पुन्हा थरथरला, मेजावर जरा सरकला. मी त्यावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा ठेवला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा साहेब माझ्याशीच बोलत होते.

एक वाजता मी वाऱ्यासारखी घरी गेले. तो ठीक होता. सासूबाई तिन्ही वेळा येऊन गेल्या होत्या, काही झालेलं नव्हतं. "आयलंय," मी दारातून म्हणाले. तो बघत राहिला. मी परीक्षेचं सांगितलं, साहेबांचं सांगितलं, गाडी फाटकात आली होती ते सांगितलं. तक्त्यापाशी गेले, बोट पहिल्या अक्षरावर ठेवलं. त्याने कुठल्याच अक्षराला डोळे मिटले नाहीत. रागावलेला दिसत नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, डबी बिघडली. दुकानदार येऊन तपासून गेला, सगळं ठीक होतं. मी माझा गाल टेकून पाहिला, दिवा पेटला. तो पुढे आठ महिने होता. पाणी हवं असलं तरी दाबायचा नाही, मान कलली तरी दाबायचा नाही. कुणी आपणहून येईपर्यंत थांबायचा. रोज सकाळी निघताना मी त्याचा गाल बटणाशी नीट आणून ठेवायची आणि विनवायची, दाब रे, काही नको असलं तरी दाब, उगाच दाब, मी येतंय. मग शाळेत फोन सुलटा करून मेजावर ठेवायची आणि शिकवता शिकवता त्याच्याकडे बघत राहायची.